वामनच्या निऱ्या

वर्ध्याजवळच्या आमच्या पिपरी मेघेच्या कॉलनीत मी नेमकं काय काम करते हे अजून कुणालाही कळलेलं नाही. शेजारच्या काकूंना वाटतं मी विमा विकते. दूधवाल्याला वाटतं मी सिनेमात आहे, कारण एकदा भर दुपारी माझ्या दारात दोन माणसं तोंडाला रंग फासून मोटरसायकलवरून उतरली होती. दारावर पाटी आहे, ‘कला व सांस्कृतिक सल्लागार’. ती वाचून एक बाई मुलीची पत्रिका घेऊन आल्या. नाही म्हटलं तर म्हणाल्या, ‘मग कशाचा सल्ला देता?’ मी सांगायला लागले, तर चहा संपवून निघून गेल्या.

तरी सांगते, कारण हा दिवाळी अंक हातात घेतलेल्या माणसाला एवढ्यात कुठे जायचं नसतं. आधी शाळेत शिकवत होते, मग हे सुरू झालं, एवढा इतिहास पुरे. काम असं की एखादी संस्था, कंपनीचा ट्रस्ट किंवा सरकारी खातं ठरवतं, लोककलेला हातभार लावायचा. कुणाला लावायचा हे त्यांना माहीत नसतं. इकडे गावात भजन मंडळ असतं, नाचगाण्याची दंडार असते, गोंधळी असतात, भुलाबाईची गाणी म्हणणाऱ्या बाया असतात. त्यांना हातभार हवा असतो, पण कसला ते सांगता येत नाही. मधे मी. गावात जाऊन बसायचं, पाहायचं, मंडळाला सांगायचं की बाहेरच्यांसमोर काय ठेवा, आणि बाहेरच्यांना सांगायचं की तुम्ही जे पाहताय ते काय आहे. शिव्या दोन्हीकडून मिळतात. माझं तोंडही काही गोड नाही, त्यामुळे हिशेब बरोबर राहतो.

गिऱ्हाईकं एकेक नमुने. एका भजन मंडळाला विचारलं, तुम्हाला काय कमी आहे? पेटी बसलेली, मृदंगाची शाई उडालेली, हे मला समोर दिसत होतं. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, ‘बाकी सगळं हाये मॅडम. फक्त जॅकेट नाई.’ जॅकेटं आली तेव्हा वैशाख होता. वर्ध्याचा वैशाख! पण एकानंही अंगातून काढलं नाही. घामाच्या धारा, आणि वर विठ्ठल विठ्ठल. दुसऱ्या एका गावात मोठ्या हौसेनं सांस्कृतिक भवन झालं. वर्षभरानं गेले तर आत छतापर्यंत सोयाबीनची पोती. मी भडकले. सरपंच शांतपणे म्हणाले, ‘सोयाबीन बी आपली संस्कृतीच हाये मॅडम.’ यावर काय बोलणार, कप्पाळ?

पण मला सांगायचं आहे ते आंजीच्या वामनबद्दल.

आंजी म्हणजे आंजी मोठी, वर्ध्याहून जवळच. तिथे किसन शाहिरांचं खडी गंमतीचं मंडळ आहे. ज्यांनी खडी गंमत पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: ह्यात सगळे उभे. पडदा नाही, स्टेज नाही, चारी बाजूंनी माणसं बसलेली. पुढे डफ घेऊन शाहीर, मागे त्याची ओळ उचलून धरणारे झीलकरी, ढोलकी, तुणतुणं, आणि मधे नाच्या. नाच्या म्हणजे साडी नेसून बाई झालेला पुरुष. शाहीर सवाल टाकतो, नाच्या जवाब देतो, लाडीगोडी, भांडण, टोमणे, मधूनच देवाधर्माचं, असं रात्रभर चालतं. महोत्सववाल्यांना हे सगळं अर्ध्या तासात हवं असतं. माझं काम म्हणजे पंगतीचं जेवण एका टिफिनमध्ये बसवायचं. काय ठेवायचं, काय काढायचं, यावरून शाहिरांशी माझी भरपूर भांडणं झाली. शाहीर म्हणत, ‘तुमी मले हात कापाले सांगता का पाय, तेवढं बोला.’

वामन ह्या मंडळाचा नाच्या. पन्नाशीचा, काळासावळा, काटक. थोडी शेती, कापूस आणि तूर. खांद्याला फवारणीच्या पंपाच्या पट्ट्याचा वळ. पारावर बसला तर चार शेतकऱ्यांतला पाचवा. पण साडी नेसून उभा राहिला की माझ्यासारख्या जन्माच्या बाईनं मान खाली घालावी. नुसता पदर सावरायचा तर असा, की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायांचे हात आपोआप आपल्या पदराकडे जायचे.

पहिल्यांदा त्याच्या घरी गेले तेव्हा तो अंगणात हात वर करून उभा होता आणि त्याची मुलगी पल्लवी गुडघ्यावर बसून त्याच्या साडीच्या निऱ्या काढत होती. तोंडात पिना धरलेल्या.

‘बाबा, पोट आत घ्या.’

‘आता नाई जात बाई ते आत.’

‘मंग रात्री कमी जेवत जा.’

नाच्याची साडी नेसणं हे एकट्याचं काम नव्हे. गिरकी घेतली की घेर फुलला पाहिजे, पण पायात येता कामा नये, आणि सुटली तर जन्माचं हसं. त्यामुळे निऱ्या दुसऱ्या कुणीतरी, समोर बसून, ओढून, दाबून काढाव्या लागतात. लग्न झाल्यापासून वामनची साडी त्याची बायको लता नेसवून द्यायची. ती ताप येऊन अचानक गेली. तेव्हापासून पल्लवी. साड्याही लताच्याच. पल्लवी आता वर्ध्याला एका दवाखान्यात रक्त तपासायच्या कामावर आहे, पण कार्यक्रम असला की दुपारच्या बसनं आंजीला यायची, निऱ्या काढून द्यायची आणि जायची. कार्यक्रम पाहायला मात्र थांबायची नाही.

एका मोठ्या महोत्सवासाठी मंडळं निवडायची होती. निवड करायला नागपूरहून पाहुणे येणार होते. त्यांना येऊन उजेडी परत जायचं होतं, म्हणून हायवेवर, जाम गावात, दुपारचा कार्यक्रम ठरला. जामला कुठूनही येता येतं. आंजीच्या मंडळानं खूप दिवस तयारी केली होती, आणि मला अगदी आतून वाटत होतं की यांची निवड व्हावी.

जागा ठरल्यानंतर दोन-तीन दिवसांनी पल्लवी माझ्या दारात. डोळे सुजलेले.

‘मॅडम, जाम सोडून कोठीबी घ्या.’

मी म्हटलं, ‘आत ये आधी.’

तिचं लग्न ठरत होतं. मुलगा कंपनीत, घर जामचं, आईवडिलांचं हायवेवर चहा-नाष्ट्याचं हॉटेल. माणसं चांगली. मुलाचे वडील माळकरी. बोलणी करायला पल्लवीचे मोठे काका गेले होते. तिथं विचारलं, मुलीचे वडील शेतीशिवाय काय करतात? काकांनी सांगून टाकलं, ‘भजन मंडळात हायेत.’ झालं. बैठकीला पाहुणे आंजीला आले, चहा-चिवडा झाला, आणि माळकरी इवाई (आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात, आणि विहिणीला इनबाई) मांडी घालून म्हणाले, ‘मंग होऊन जाऊ द्या एक अभंग.’

‘मग?’ मी विचारलं.

‘बाबा गायले.’

‘बरे गायले का?’

‘चांगले गायले. चांगले गायले हाच तं वांधा हाये! बाईच्या गळ्यात गायले, मॅडम. दुसरा गळाच नाई त्याइले. सासरे डोळे मिटून बसले होते म्हणून बरं. सासूबाई मात्र एकटक पाहून राह्यल्या होत्या.’

मला हसू आलं, आणि ती रडायला लागली, म्हणून रागही आला. माझं तसंच आहे. म्हटलं, ‘अगं, बाप काय चोरी करतो का तुझा?’

‘चोरी केली असती तं सांगता आलं असतं,’ ती म्हणाली. ‘गरिबी होती, केली, असं सांगितलं असतं. बाबा नाचते, हे काय म्हणून सांगू?’

यावर माझ्याकडे सल्ला नव्हता. सल्लागाराकडे सल्ला नसला की तो फोन करतो. मी फोन केले. जागा बदलत नव्हती. मग आंजीला गेले आणि शाहिरांच्या ओसरीवर वामनला म्हटलं, ‘मी जाते जामला. मी सांगते त्यांना, तुमचे इवाई किती मोठे कलावंत आहेत ते.’

‘नको मॅडम,’ वामन म्हणाला. ‘साक्षगंध होऊ द्या. मंग मी सोता जाऊन सांगतो. त्याच्या आधी लगन मोडलं तं पोट्टीले तोंड कसं दाखवू?’ साक्षगंध म्हणजे साखरपुडा, तो पुढच्याच महिन्यात होता.

‘मग ह्या वेळी नाचू नका.’

शाहीर उसळले. ‘अन् मी का एकटा डफ बडवू? नाच्या नाई तं गंमत कायची? निवडीले उभं तरी काऊन राहाव?’

वामनची पंचाईत झाली. एकीकडे पोरगी, दुसरीकडे ही सगळी माणसं, ज्यांनी लताला खांदा दिला होता. मग म्हणाला, ‘नाचतो. पन वळखू येईन असा नाचत नाई.’

आणि त्या ओसरीवर एक कारस्थान शिजलं. तोंडाला रंग जाड लावायचा. पदर पुढे ओढायचा. शाहीर त्याला ‘चंद्रकला’ म्हणून हाक मारणार. संपल्याबरोबर चहासुद्धा न घेता गाडीत बसून पसार. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. पल्लवीला निरोप गेला. तिनं उलट निरोप पाठवला, ‘मी येणार नाई. निऱ्या तुमच्या तुमी काढा.’

कार्यक्रमाच्या दिवशी जामला पोहोचले, तर पहिला घोळ नाष्ट्याचाच. पाहुण्यांच्या नाष्ट्याची व्यवस्था आयोजकांनी मैदानालगतच्या हॉटेलात केली होती, तर्री-पोहे आणि चहा. गल्ल्यावर कपाळाला गंध लावलेले, गळ्यात माळ घातलेले गृहस्थ. पोह्याच्या कढईवर एक ठेंगणी, गोरटेली बाई, हाताखालच्या माणसांना दरडावत. आयोजकांनी ओळख करून दिली तेव्हा मुलाचं नावही आलं, आणि मी मनात म्हटलं, धन्य! जामला एवढी हॉटेलं, आणि नाष्टा नेमका इनबाईकडेच.

तंबूत वेगळाच घोळ. शाहीर स्वतः वामनला साडी नेसवत होते. गाठोडं बांधावं तशी ती साडी दिसत होती. वामननं एक गिरकी घेऊन पाहिली तर निम्म्या निऱ्या बाहेर. ‘थांब, सुतळी आनतो,’ शाहीर म्हणाले. तेवढ्यात तंबूचा कपडा बाजूला झाला. तोंडाला स्कार्फ गुंडाळलेली पल्लवी आत आली. बापासमोर गुडघ्यावर बसली, सगळ्या निऱ्या सोडल्या आणि पहिल्यापासून काढायला लागली. वामननं पोट आत घेतलं.

मग गंमत सुरू झाली.

खोटं बोलत नाही, इतकी सुंदर गंमत मी त्या मंडळाची आधी पाहिली नव्हती. जाड रंगाच्या आड वामन जणू मोकळाच सुटला होता. शाहिरांच्या सवालाला असे जवाब, की खुर्चीतले पाहुणे मोबाईल खाली ठेवून बघत होते. हायवेवरचे ट्रकवाले उतरून उभे राहिले. हॉटेलातली माणसं कढई सोडून आली. इवाईंना आयोजकांनी मानानं पुढच्या खुर्चीत बसवलं होतं. इनबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या आणि ट्रे हातात तसाच धरून उभ्या राहिल्या. चहा गार झाला असणार. पल्लवी माझ्या मागे होती. तिनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की बोटं उमटली.

‘चंद्रकला’ म्हणून सगळं ठीक पार पडलं. शेवटचं कडवं आलं.

आता, शाहिरी कवनाच्या शेवटच्या कडव्यात मंडळाची नावं गुंफलेली असतात. कवन कुणाचं, गाव कुठलं, नाचतो कोण. ते कडवं हे लोक वर्षानुवर्षं म्हणत आलेले, झोपेतून उठवलं तरी म्हणतील. रंग ठरला, पदर ठरला, गाडी ठरली. ह्या कडव्याचं मात्र ओसरीवर कुणाच्याही ध्यानात आलं नाही. शाहिरांनी डफावर थाप मारली आणि खड्या आवाजात उचललं:

‘आंजी गावचा वामन नाचे, किसन शाहीर गातो रे!’

म्हटलं आणि शाहिरांचा हात डफावरच राहिला. चेहरा असा झाला की मला आजही आठवतो. पण झीलकऱ्यांचं काय! शाहीर थांबले तरी त्यांनी नेमानं ओळ उचलली. आंजी गावचा वामन नाचे. पुन्हा एकदा. आंजी गावचा वामन नाचे. कारण ती दोनदा घ्यायची असते.

वामन नाचत राहिला. कडवं संपेपर्यंत नाच्यानं थांबायचं नसतं.

इवाई खुर्चीतून उठले आणि मागे न बघता हॉटेलकडे चालू लागले. इनबाईंनी ट्रे तिथंच जमिनीवर ठेवला आणि त्यांच्या मागे गेल्या.

पाहुणे पोहे खाऊन निघाले. जाताना एक जण मला म्हणाले, ‘उत्तम! फक्त तो नाच्या जरा कमी करता येईल का?’ त्यांना मी काय म्हटलं ते इथं छापण्यासारखं नाही. मंडळाची निवड झाली नाही, हेही आत्ताच सांगून टाकते. माझ्या तोंडामुळे नव्हे असं मी समजते. आयुष्यभर मी चांगल्या चांगल्या लोकांना टिफिनात बसायला शिकवलं आणि तरी टिफिन परत आले, ह्याची खंत मला आहे आणि राहील.

तंबूत शिरले तर वामन लोखंडी पेटीवर बसलेला. शाहीर कोपऱ्यात, डफाकडे पाठ करून. पल्लवी बापाच्या खांद्यावरच्या पिना काढत होती, पण एकही पिन निघत नव्हती.

‘मी जातो त्याइच्या घरी,’ वामन म्हणाला. ‘पाया पडतो. माह्यावरचा राग पोरीवर काढू नका म्हनतो.’

‘साडीवर जाता?’ पल्लवी ओरडली. ‘अजून शोभा करा!’

तेवढ्यात बाहेरून आवाज आला, ‘आत येऊ का जी?’

इवाई आत आले, मागून इनबाई. वामन उठून उभा राहिला. तोंडावर रंग, कपाळावर टिकली, अर्ध्या पिना सुटलेल्या. इवाई त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघत राहिले.

‘भजन मंडळ म्हनलं होतं तुमी.’

‘म्हनलं होतं.’

‘मंग खोटं काऊन बोलले? मी अख्ख्या जामले सांगून बसलो, इवाई भजनवाले हायेत म्हणून! साक्षगंधाच्या दिवशी भजन ठेवलं. माईकवाल्याले सांगतलं. आता तिथी कोन गाईन?’

वामन खाली मान घालून म्हणाला, ‘मी गाईन ना.’

‘बाईच्या गळ्यात?’

‘तोच हाये मले.’

इनबाई मधे पडल्या. ‘तुमी चूप राहा जी जरा. डोळे मिटून ऐकाल तं काय समजीन तुमाले!’ आणि वामनकडे वळून म्हणाल्या, ‘मले तवाच समजलं होतं. तुमी अभंग गाऊन राह्यले होते अन् खांद्यावरून पदर सावरून राह्यले होते. अंगात सदरा अन् हात पदरावर! घरी येऊन मी याइले म्हनलं, हे बाप्पा नुसते भजनवाले नाईत. तं माह्यावरच चिडले.’

शाहीर कोपऱ्यातून हळूच वळले. इनबाईंच्या काखेत एक पिशवी होती. तिच्यातून त्यांनी साडी काढली, मोरपंखी, घडीवरची.

‘साक्षगंधाची साडी हाये. इनबाईच्या मानाची. पोरीले माय नाई, तं द्याची कोनाले, याच्यावर आमच्या घरी आठ दिवसापासून वाद चालू हाये. हे म्हनते, काकूले द्या. मी म्हनलं, पाहू.’ त्यांनी साडी पुढे केली. ‘घ्या. तुमालेच शोभते.’

वामननं घ्यायला दोन्ही हात पुढे केले, आणि मधेच थांबून त्यानं पदर डोक्यावरून घेतला. तो नाचातला पदर नव्हता. घरची बाई इनबाईसमोर घेते तसा. शाहीर हसले नाहीत, इवाईही नाही. वामनच्या डोळ्यांतलं काजळ गालावर उतरलं आणि तो म्हणाला, ‘लताच्या नावानं घेतो.’

मी आणि पल्लवी दोघीही तेव्हा रडत होतो, लपवण्यात अर्थ नाही.

इनबाईंनी पदरानं स्वतःचे डोळे पुसले आणि मग कामाची बाई पुन्हा जागी झाली. खाली वाकून त्यांनी वामनच्या निऱ्यांना बोटांनी पाहिलं, कापड पारखावं तसं.

‘निऱ्या कोन काढल्या ह्या?’

‘मी,’ पल्लवी म्हणाली.

‘दर खेपेले तूच?’

‘आई गेल्यापासून.’

इनबाई सरळ उभ्या राहिल्या. तंबूत कुणालाच न सुचलेलं त्यांनी विचारलं, ‘अन् मंग तू इकडे नांदाले आल्यावर कोन काढीन?’

पल्लवी बापाकडे बघायला लागली, बाप साडीकडे. मला एकदम दिसलं की मुलीचं लग्न झाल्यावर वामनचा नाच आपोआप संपणार होता, आणि हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत असणार.

इनबाई माझ्याकडे वळल्या.

‘मॅडम, कार्यक्रम तुमीच ठरवता ना? ठरला का आधी मले फोन करजा. सून मी पाठवतो.’

आता लग्नाला बरेच दिवस झाले. वामनचा कार्यक्रम ठरला की मी पहिला फोन जामला करते. दुपारी बसमधून पल्लवी उतरते, पिशवीत पिना आणि सासूनं बांधून दिलेले पोहे. निऱ्या काढते. आणि आता कार्यक्रम संपेपर्यंत थांबते.